१९२.१६८.१.१ वर उत्तर कोण देतंय?

हार्डवेअर-नेटवर्किंगचा कोर्स करून नुकत्याच कामाला लागलेल्या मुलांना मी हे प्रकरण नेहमी सांगतो. यात एकही यंत्र बिघडलेलं नव्हतं. वायर, स्विच, राउटर, कंपनीची लाइन, सगळं ठाकठीक. तरी चार दिवस ऑफिसचं नेट जात-येत राहिलं आणि आमच्याकडून दोनदा ‘दुरुस्ती’ होऊनही ते परत गेलं.

ऑफिस इंदूरच्या रामबागेतलं, कर-सल्लागाराचं. जुना वाडा, तळमजल्यावर मुख्य ऑफिस, वर एक लांबट हॉल, तिथे आर्टिकलशिप (सीएची उमेदवारी) करणारी मुलं बसतात. भिंती अशा जाड की खालचं वायफाय जिन्याच्या मधल्या पायरीवरच दम तोडतं. सोळा संगणक, सगळे वायरवर. खाली इंटरनेट कंपनीच्या डब्यातून वायर राउटरला, राउटरमधून एक वायर चोवीस पोर्टच्या साध्या स्विचला, आणि स्विचमधून भिंतीतल्या पॉइंटांना. एका संगणकावर टॅलीचा डेटा असतो, त्याचा पत्ता हातानं बसवलेला, १९२.१६८.१.१०. प्रिंटरचा .२०. बाकी सगळ्यांना राउटरच डीएचसीपीनं, म्हणजे आपोआप पत्ते वाटायच्या सोयीनं, पत्ता देतो, .१०० ते .१९९ मधला. राउटर स्वतः १९२.१६८.१.१. देशातल्या हजारो छोट्या ऑफिसांत अगदी अशीच मांडणी सापडेल.

१८ तारखेला सकाळी काकांचा फोन आला. काका म्हणजे ऑफिसचे मालक; आमच्या वडिलांच्या ओळखीतले.

“अरे, नेट परत गेलंय बघ. आणि गंमत म्हणजे माझ्याकडे आहे, शेजारच्या टेबलावर नाही. परवा वीस तारीख आहे, माहितीये ना?”

माहीत होतं. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-३बीची मुदत पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत असते. त्यानंतर उशिराचं शुल्क आणि व्याज, आणि त्याचा जाब अशिलाला काकांनीच द्यायचा. अशा वेळी ‘बघतो, संध्याकाळी येतो’ म्हणता येत नाही.

आधीच्या तीन दिवसांत काय घडलं होतं

त्रास १५ तारखेला सकाळी सुरू झाला. पहिली तक्रार अर्थातच इंटरनेट कंपनीकडे गेली. त्यांचा माणूस आला, आपल्या डब्याला थेट लॅपटॉप जोडला, वेग पुरेपूर दाखवला आणि गेला. त्याचं चुकलं नव्हतं. त्याच्या हद्दीत सगळं बरोबर होतं.

मग आमच्याकडचा नवा मुलगा गेला. तो कामाला लागून दोन महिने झाले होते. त्यानं शिकवल्याप्रमाणे खालून वर तपासत नेलं: पोर्टचा दिवा लागतोय का, वायर धड आहे का, टेस्टरवर आठही तारा येतात का. एका वायरीत त्याला खरोखर दोष सापडला. तपकिरी जोडी एका टोकाला नीट बसलेली नव्हती. त्या संगणकाची लिंक १ गिगाबिटऐवजी १०० मेगाबिटवर चालत होती, कारण गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला नारिंगी आणि हिरवी या दोनच पुरतात. त्यानं नवीन आरजे-४५ लावून क्रिंप केलं, लिंक गिगाबिटवर आली, त्या संगणकावर नेटही आलं. खूश होऊन परतला.

दुसऱ्या दिवशी तोच फोन. या वेळी त्यानं स्विच बदलला. सगळ्या वायरी काढून नव्या स्विचला लावल्या, जवळजवळ सगळीकडे नेट आलं. १७ ला सकाळी पुन्हा पाच संगणक बंद.

इथे थोडं थांबतो, कारण नव्या मुलाची वाट इथेच चुकते. प्रत्येक उपायानंतर नेट आलं होतं, म्हणून प्रत्येक उपाय बरोबर वाटला. वायर काढून लावली की येतं, रीस्टार्ट केलं की येतं. ऑफिसातल्या मंडळींनीही तोच धडा घेतला होता: नेट गेलं की बंद-चालू करायचं, नाही आलं तर परत करायचं. पण कशानं का होईना ‘येतं’ म्हणजे दोष सापडला असं नाही. तपकिरी जोडीचा दोष खरा होता, पण त्या दोषानं एकाच संगणकाचा वेग कमी झाला असता. रोज वेगळ्या पाच जणांचं नेट त्यानं जाणार नाही. सापडलेला दोष सांगितलेल्या तक्रारीला लागू पडतो का, हा प्रश्न त्यानं स्वतःला विचारला नाही, आणि संध्याकाळी त्याच्याकडून हकिगत ऐकताना मीही तो विचारला नाही.

१८ तारीख

मुलाला बरोबर घेऊन गेलो. ठरवून अर्धा तास कशालाच हात लावला नाही. प्रत्येक टेबलापाशी जाऊन एवढंच विचारलं की काय चालतंय आणि काय चालत नाही. ‘नेट बंद आहे’ या एका वाक्यात लोक चार वेगवेगळ्या गोष्टी सांगत असतात.

टॅली सगळ्यांची उघडत होती. प्रिंट सगळ्यांची निघत होती. बंद होतं ते फक्त बाहेरचं: जीएसटीचं पोर्टल, मेल, बँक. म्हणजे बंद असलेल्या संगणकांची वायर, पोर्ट, स्विच आणि नेटवर्क कार्ड एका फटक्यात संशयातून बाहेर. याच रस्त्यानं तर टॅलीचा डेटा येत होता. पत्ताही सगळ्यांना नीट मिळालेला. पत्ताच मिळाला नसता तर विंडोजनं स्वतःहून १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता घेतला असता आणि टॅलीही बंद पडली असती.

मग कागदावर दोन रकाने आखले, एक चालू संगणकाचा, एक शेजारच्या बंद संगणकाचा, आणि मुलाला तीन पिंग (‘आहेस का?’ अशी छोटी हाक) करायला लावले. टॅलीच्या संगणकाला पिंग: दोघांचं उत्तर आलं. गेटवेला, म्हणजे बाहेर जायच्या दाराला, १९२.१६८.१.१ ला: दोघांचं आलं, एक मिलिसेकंदाच्या आत. बाहेर गूगलच्या ८.८.८.८ ला: चालूचं आलं, बंदचं नाही. नावाऐवजी सरळ आकड्याला पिंग केल्यामुळे डीएनएसचाही, म्हणजे नावावरून आकडा शोधण्याचाही, प्रश्न उरला नाही.

“सर, गेटवेपर्यंत ठीक आहे. म्हणजे दोष गेटवेच्या पुढे, कंपनीच्या लाइनमध्ये,” मुलगा म्हणाला.

पुस्तकातली पायरी हीच आहे, आणि शंभरातल्या बहुतेक प्रकरणांत ती खरी ठरते. पण याच मिनिटाला, दीड हातावर, दुसरा संगणक त्याच गेटवेतून बाहेर जात होता. लाइन खराब असती तर दोघांचीही खराब असती. एकाच दारातून एक जण बाहेर पडतो आणि दुसऱ्याचं डोकं भिंतीवर आपटतं, तर ते दार एकच आहे कशावरून?

हे मनात आलं तेव्हा कागदावर अजून पुरावा काहीच नव्हता. अँटिव्हायरस, फायरवॉल, एखाद्या संगणकातलं चुकलेलं सेटिंग या शंका होत्याच. पण रोज बंद पडणारे संगणक वेगळे होते, आणि सेटिंगचा दोष असा टेबलं बदलत फिरत नाही.

दोन्ही संगणकांवर आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल चालवलं. पत्ते वेगळे, पण दोन्ही बरोबर. मास्क तोच, गेटवे तोच, डीएचसीपी सर्व्हर तोच, डीएनएस तोच. एरवी ऑफिसात कुणी उपरा डीएचसीपी घुसला असेल तर इथेच त्याचा वेगळा आकडा दिसतो आणि प्रकरण पाच मिनिटांत मिटतं. इथे सगळे १९२.१६८.१.१ च.

फरक मुलाला दिसला, मला नाही. “सर, याची लीज उद्या सकाळी संपते. त्याची आज दुपारीच संपतेय.” चालू संगणकाला पत्ता २४ तासांसाठी मिळालेला होता, बंद संगणकाला दोन तासांसाठी. एकच राउटर एकाला दिवसभराचा करार देतो आणि दुसऱ्याला दोन तासांचा, असं सहसा होत नाही. लीज मिळाल्याची आणि संपण्याची वेळ या दोन ओळी आपण रोज डोळ्यांखालून घालतो आणि कधीच वाचत नाही. त्यानं वाचल्या.

मग दोन्हीकडे आर्प डॅश ए. या आज्ञेनं संगणकाच्या स्मरणातली वही दिसते: कोणत्या आयपी पत्त्याला कोणता हार्डवेअर पत्ता, म्हणजे यंत्राला कारखान्यातच दिलेला क्रमांक. १९२.१६८.१.१ समोर चालू संगणकावर एक हार्डवेअर पत्ता होता, बंद संगणकावर दुसराच. अंकांच्या पहिल्या तीन जोड्यांपासूनच वेगळा. या तीन जोड्या उत्पादकाच्या ओळखीच्या असतात, त्यामुळे दुसरं यंत्र बहुधा वेगळ्या कंपनीचं असावं असाही अंदाज आला.

हे कसं होऊ शकतं

संगणकाला गेटवेकडे काही पाठवायचं असेल तर नुसता आयपी पत्ता पुरत नाही, समोरच्याचा हार्डवेअर पत्ता लागतो. तो मिळवायची रीत १९८२ मध्ये ठरली आणि आजही तीच चालते. संगणक सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारतो: ‘१९२.१६८.१.१ कोण?’ ज्याचा तो पत्ता असेल तो म्हणतो, ‘मी, माझा हार्डवेअर पत्ता हा.’ खरंखोटं करायची सोय यात नाही. वाड्याच्या चौकात उभं राहून कुणी ‘जोशी कोण?’ म्हणून ओरडावं आणि दोन खोल्यांतून दोन जोशींनी ओ द्यावी, तसं. ज्याची ओ वहीत उतरली, पत्र त्याच्याकडे.

दोन जोशींपैकी एकाकडे बाहेरची लाइन होती, दुसऱ्याकडे नव्हती. पण ‘तू आहेस का?’ असं पिंगनं विचारलं की दोघंही ‘आहे’ म्हणत. म्हणून गेटवेचं पिंग सगळीकडे यशस्वी होत होतं.

रीस्टार्टचं कोडंही इथेच सुटतं. वायर निघाली किंवा संगणक बंद झाला की ही वही कोरी होते आणि हाक नव्यानं जाते. नशीब असेल तर खरा राउटर वहीत उतरतो, नाहीतर दुसरा. आमच्या मुलानं क्रिंप केलं, स्विच बदलला, तेव्हा प्रत्येक वेळी फासे नव्यानं पडले, एवढंच. टॅलीच्या डेटाला गेटवे लागतच नाही. एकाच नेटवर्कातले संगणक स्विचमधून परस्पर बोलतात, म्हणून ती कधीच अडली नाही.

पत्त्यांचंही तेच. डीएचसीपीत संगणक सगळ्यांना उद्देशून पत्ता मागतो आणि साधारणपणे ज्याचा देकार आधी येईल तो घेतो. दोन देणारे, दोघांच्या वह्या वेगळ्या, पत्त्यांची रांग मात्र एकच. त्यामुळे एकच पत्ता दोघांना दिला जाण्याचा धोका. वर बसणाऱ्या ताईंना दोनदा पडद्यावर ‘आयपी ॲड्रेस कॉन्फ्लिक्ट’ अशी पाटी आली होती. त्यांनी ती बंद करून काम चालू ठेवलं, कुणाला सांगितलं नाही. सांगावं असं त्यांना का वाटावं? हे आपण विचारायला हवं होतं: गेल्या दोन-चार दिवसांत पडद्यावर कुठली पाटी आली होती का?

पडताळा

संशय पक्का होता, पण मला पुरावा हवा होता, आणि तो मुलाच्या डोळ्यांसमोर हवा होता. त्यासाठी वायरी काढाव्या लागणार होत्या. चालत्या टॅलीच्या डेटावर असं करायचं नसतं. मध्येच जोडणी तुटली तर डेटा बिघडू शकतो. दीडला जेवणाची सुट्टी होईपर्यंत थांबलो. काकांनी सगळ्यांना टॅलीत उघडलेली ‘कंपनी’ (अशिलाची हिशेबवही) बंद करून टॅलीतून बाहेर पडायला सांगितलं, डेटाचा बॅकअप घेतला, मगच हात लावला.

मुलाला विचारलं, “मुख्य राउटरची वायर स्विचमधून काढली तर १९२.१६८.१.१ चं पिंग काय होईल?”

“बंद होईल.”

“काढ.”

त्यानं वायर काढली. एका संगणकावर वही पुसून सतत पिंग लावून ठेवलं होतं. दोन-चार ओळी चुकल्या आणि मग उत्तरं यायला लागली. खरा राउटर सुटा होऊन टेबलावर पडलेला, आणि १९२.१६८.१.१ बिनदिक्कत उत्तर देतंय. ब्राउझरमध्ये तोच पत्ता टाकला तर लॉगिनचं पान आलं, ते दुसऱ्याच कंपनीच्या राउटरचं. पोराचा चेहरा मला अजून आठवतो. या कामात असे क्षण मोजकेच येतात.

पुढचं सोपं, फक्त वेळखाऊ. स्विच साधा होता. मॅनेज्ड असता तर कोणत्या पोर्टावर कोणता हार्डवेअर पत्ता आहे ते त्यालाच विचारता आलं असतं. इथे पिंग चालू ठेवून एकेक वायर काढायची आणि बघायचं. सतराव्या पोर्टाची वायर निघाली आणि पिंग थांबलं. परत लावली, सुरू झालं. पुन्हा काढली, पुन्हा थांबलं. एकदा थांबणं योगायोगही असू शकतो, म्हणून उलटसुलट करून बघावं. वायरीवर चिठ्ठी नव्हती. टोनरनं (वायरीत सूर सोडून ती शोधायच्या यंत्रानं) माग काढत जिना चढलो, हॉलच्या टोकाला खिडकीखालच्या पॉइंटाशी पोहोचलो.

पॉइंटात एक पॅच कॉर्ड, ती कपाटामागे गेलेली, आणि कपाटामागे दोन अँटेनांचा घरगुती राउटर. दिवे लुकलुकत होते.

तो एका आर्टिकलच्या मुलाचा. घरी नवं कनेक्शन घेतल्यावर जुना राउटर पडून होता. वर वायफाय येत नाही, फोनवर ओटीपी यायला, फाइल पाठवायला अडचण होते, म्हणून १४ तारखेला संध्याकाळी तो घेऊन आला. वायर राउटरच्या लॅन पोर्टात लावली. फोनवर वायफाय दिसलं, पण नेट काही आलं नाही. थोडी खटपट करून त्यानं नाद सोडला. वायर मात्र तशीच राहिली. घरगुती राउटर विकत आणल्यावर अनेकदा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ वर बसवलेला असतो आणि डीएचसीपी चालू असतं. लॅन पोर्टात वायर लावली की त्याचं डीएचसीपी आणि त्याचा पत्ता आख्ख्या ऑफिसला दिसू लागतात. हा .०.१ वाला असता तर लोकांना वेगळ्या रांगेतले पत्ते मिळाले असते, टॅलीही बंद पडली असती, आणि खरं सांगायचं तर आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं असतं.

आर्टिकलचा मुलगा घाबरून उभा होता. काकांचा आवाज चढायच्या आत मी मध्ये पडलो. वायफाय वर येत नाही ही त्याची तक्रार खरी होती आणि ती आम्हीच कधी सोडवली नव्हती. गरज खरी असली की माणूस मिळेल त्यानं भागवतो.

आणि मी १५ तारखेला फोनवर विचारलं होतंच: “काही बदललंय का?” सगळ्यांनी मनापासून ‘नाही’ म्हटलं होतं. कुणी संगणकात काही बदललं नव्हतं. तेव्हापासून मी वेगळं विचारतो: गेल्या आठवड्यात या जागेत कुठलीही नवी वस्तू प्लगला किंवा नेटच्या पॉइंटला लागली का? त्याला खरी उत्तरं मिळतात.

एक गोष्ट काकांना बाजूला घेऊन सांगितली. त्या राउटरचं वायफाय मागच्या पत्र्यावर छापलेल्या मूळ पासवर्डावर चालू होतं, आणि त्यातून थेट ऑफिसच्या नेटवर्कात शिरता येत होतं. अशिलांचे पॅन, बँकेचे उतारे, सगळं त्या नेटवर्कात. चार दिवस नेट जात-येत होतं त्यापेक्षा मला याची जास्त धास्ती वाटली.

दुरुस्ती

राउटर काढला, खऱ्याची वायर लावली, प्रत्येक संगणकावर पत्ता सोडून नवा घ्यायला लावला आणि आर्पची वही पुसली. वही पुसायला कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावा लागतो. मुलगा दोन संगणकांवर हेच विसरला आणि आज्ञा चालत नाही म्हणून चरफडला. तीनच्या आत सोळाही संगणक बाहेर जात होते. या वेळी आम्ही ‘आलं’ म्हणून निघालो नाही. प्रत्येक संगणकावर गेटवेसमोरचा हार्डवेअर पत्ता वाचला आणि राउटरच्या तळच्या पत्र्याशी ताडून पाहिला. काही राउटरांत पत्र्यावरचा पत्ता आणि लॅनचा पत्ता शेवटच्या अंकानं वेगळे असतात, तेवढा फरक दिसला तर घाबरू नये.

ऑफिसचा सगळा पट्टाच १९२.१६८.१ वरून एखाद्या आडवळणाच्या आकड्यावर न्यावा असं मला वाटत होतं. मग घरून आणलेला राउटर निदान गेटवेची जागा बळकावू शकत नाही. पण त्यासाठी टॅलीचा संगणक आणि प्रिंटर दोन्हींचे हातानं बसवलेले पत्ते बदलावे लागले असते. मुदतीच्या दोन दिवस आधी चालू झालेल्या ऑफिसात असं काही करायचं नाही. ते पुढच्या रविवारवर ठेवलं. मॅनेज्ड स्विच घेतला तर त्यातल्या डीएचसीपी स्नूपिंगनं परक्या पोर्टावरून येणारे देकार अडवता येतात, हेही सांगितलं. काकांनी किंमत विचारली, पुढच्या वर्षी बघू म्हणाले. सोळा संगणकांच्या ऑफिसला ते उत्तर मला रास्त वाटलं.

वरच्या हॉलचं वायफाय मात्र त्याच दिवशी सोडवलं, नाहीतर दुसरा कुणी दुसरा राउटर घेऊन आला असता. सिल्व्हर मॉलला जाऊन ॲक्सेस पॉइंट आणायच्या बेतात होतो, पण हातात राउटर होताच. तो नेटवर्कला न लावता आधी एकट्या लॅपटॉपला जोडला. त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ केला. मुख्य राउटरच्या .१०० ते .१९९ च्या बाहेरचा, म्हणजे कुणाला चुकून दिला जाणार नाही. डीएचसीपी बंद केलं. वायफायचा आणि लॉगिनचा पासवर्ड बदलला. मग तीच पॅच कॉर्ड, त्याच पॉइंटात, राउटरच्या त्याच लॅन पोर्टात परत लावली.

आर्टिकलच्या मुलानं फोन जोडून पाहिला. पोर्टल उघडलं. आमच्या मुलानं पांढऱ्या टेपचा तुकडा फाडला, राउटरवर लावला आणि स्केचपेननं लिहिलं: ‘१९२.१६८.१.२, डीएचसीपी बंद, स्विच पोर्ट १७’. तसाच दुसरा तुकडा त्यानं खाली जाऊन सतराव्या पोर्टाच्या वायरीवर लावला, आणि मग न सांगताच अठराव्याकडे वळला.